आपला आज्ञाधारक सेवक

इंग्रजी पत्राच्या तळाशी पूर्वी ‘युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’ असे लिहिण्याची रीत होती. ‘आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक’ हा तिचा शब्दार्थ. पण या शब्दांतला चाकर इंग्लंडात केव्हाच मेला होता. सॅम्युअल जॉन्सन हा लिचफील्डच्या एका पुस्तकविक्याचा मुलगा. पैशाअभावी त्याला ऑक्सफर्ड सोडावे लागले. शब्दकोशाच्या कष्टात ज्याने विचारपूस केली नाही, तो लॉर्ड चेस्टरफील्ड कोश पुरा होत आल्यावर कौतुक करू लागला. ७ फेब्रुवारी १७५५ रोजी जॉन्सनने पत्र लिहून त्याचा आश्रय झिडकारला, आणि खाली सही केली ती ‘अत्यंत नम्र, अत्यंत आज्ञाधारक सेवक’ म्हणून! अमेरिकेत १८०४ साली हॅमिल्टन आणि बर द्वंद्वयुद्धाला उभे राहिले. त्याआधीच्या पत्रांखालीही दोघे एकमेकांचे ‘आज्ञाधारक सेवक’च होते. ज्याला कोणी हुकूम करू शकत नाही, त्यालाच असे लिहिणे परवडते.

मराठीत ताबेदारीची भाषा आधीपासून होतीच. इंग्रजी अमदानीत तिला कचेरीच्या अर्जाचा साचा मिळाला. येथे मात्र सेवक जिवंत होता. १८७४ च्या वतन कायद्याखाली महाराची चाकरी बांधलेली होती. रात्री-अपरात्री बोलावणे आले की जावे लागे, कर्ता पुरुष घरी नसला तर घरातल्या दुसऱ्याने. हे जोखड काढण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात दुरुस्ती विधेयक आणले. ही वतने रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला, आणि त्याच्याही नावात ‘इन्फिरिअर’, म्हणजे कनिष्ठ, हा शब्द राहिलाच. ज्यांना गावात ‘जोहार’ घालावा लागला, त्यांना ‘आज्ञाधारक’ हा नुसता अलंकार कसा वाटावा?

माझे पणजोबा येसकर होते. घरात लिहिता येणारा मी पहिलाच, म्हणून सातवीपासून वस्तीचे अर्ज माझ्याकडे. नळ, रेशनकार्ड, शिष्यवृत्ती. शेवटी ‘आपला आज्ञाधारक’ ठरलेले. हा शिष्टाचार आहे, एवढे मनाला काय लावून घ्यायचे, असे सहकारी प्राध्यापक म्हणतात. शिष्टाचार दोन्ही बाजूंनी असता तर मीही मानला असता. कचेरीच्या उत्तराखाली साहेब आमचा सेवक झालेला मी तरी पाहिला नाही.

परवा एका विद्यार्थ्याने रजेच्या अर्जाखाली फक्त ‘आपला विद्यार्थी’ असे लिहिले. कारकुनाने तो ‘नमुन्याप्रमाणे नाही’ म्हणून परत पाठवला. मी त्याच अर्जावर शिफारशीची सही केली आणि तो पुन्हा आत पाठवला.