वहीचा कायदा

भारतातल्या बँकांमध्ये संगणक उशिरा का आला, या प्रश्नाचं तयार उत्तर आपल्याकडे असतं: युनियननी अडवला. नोकरीची बरीच वर्षं मी एका सरकारी बँकेच्या शाखांमध्ये काढली. हे उत्तर खोटं नाही, पण अर्धंच आहे.

१९६९ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा देशात व्यापारी बँकांच्या ८,२६२ शाखा होत्या. १९९० पर्यंत त्या ६०,००० च्या घरात गेल्या. नोंदीची पद्धत मात्र तीच राहिली. कारकुनाने लेजरमध्ये लिहायचं, अधिकाऱ्याने तपासून सही करायची आणि बॅलन्स जुळेपर्यंत सगळ्यांनी डोकं धरून बसायचं. १९८३ मध्ये कर्मचारी संघटनांशी करार होऊन यंत्रांना मर्यादित प्रवेश मिळाला. १९८४ मध्ये सी. रंगराजन समितीचा अहवाल आला आणि पुढे शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशिनं दिसू लागली. नोकऱ्या जातील ही भीती खरी होती. गिरणी संपानंतरच्या मुंबईत ती कुणाला समजावून सांगावी लागत नव्हती.

पण मशिन आलं तरी वही सुटली नाही. एकच नोंद आम्ही मशिनवर करायचो आणि हातानेही. काम हलकं होण्याऐवजी दुप्पट व्हायचं. याला हट्ट म्हणणं सोपं आहे. बँकेच्या नोंदी कोर्टात पुरावा म्हणून कशा मांडायच्या, हे १८९१ चा बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट ठरवत होता. त्याच्या डोळ्यांसमोर होती लेजर, डे-बुक, कॅशबुक आणि त्यांची प्रमाणित नक्कल. संगणकातून काढलेल्या कागदाला त्यात स्पष्ट आधार नव्हता. कर्जवसुलीचा दावा उद्या उभा राहिला तर काय दाखवायचं, ही धास्ती असलेला मॅनेजर वही कशी टाकेल?

वहीवरचा विश्वास किती महाग पडू शकतो, हे १९९२ च्या रोखे घोटाळ्याने दाखवलं. सरकारी रोख्यांच्या मालकीच्या नोंदी रिझर्व्ह बँकेच्या पब्लिक डेट ऑफिसमध्ये हातानेच होत. त्यांना लागणाऱ्या वेळामुळे बँका एकमेकींच्या पावत्यांवर, म्हणजे बँक रिसीटवर, व्यवहार करत. त्या पावतीमागे रोखे खरोखर आहेत का, हे चटकन तपासायची सोय नव्हती. हर्षद मेहता प्रकरणाला वाट मिळाली ती याच फटीतून.

१९९३ मध्ये संघटनांनी संगणकीकरणाच्या व्यापक करारावर सह्या केल्या. संगणकीय नोंदींना ‘बँकर्स बुक्स’मध्ये जागा मिळाली ती २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने. म्हणजे ज्यांना आपण अडवणारे म्हणतो, ते कायद्याच्या सात वर्षं आधी राजी झाले होते.

बँकेत नवं तंत्रज्ञान अडलं की आपण माणसाची भीती शोधतो. त्याआधी विचारायला हवं, नोंद चुकली तर जबाबदारी कुणाची आणि पुरावा कोणता? याचं उत्तर लेखी मिळेपर्यंत काउंटरवरचा माणूस जुनी वही जवळ ठेवतो, आणि त्याचं चुकत नाही.