टँक-खेळाडू : स्वभाव आणि वृत्ती

शेकडो माणसांनी एकाच काल्पनिक जगात एकत्र येऊन खेळावयाच्या ऑनलाइन भूमिकाप्रधान खेळांत शत्रूचा मारा स्वतःवर ओढून घेऊन सोबत्यांचे रक्षण करणाऱ्या पात्रास टँक म्हणतात. असे पात्र आवडीने आणि वर्षानुवर्षे चालविणाऱ्या माणसांच्या ठिकाणी जी स्वभावलक्षणे वारंवार आढळतात, त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. मार सोसणारा टँक, जखमा भरून काढणारा हीलर आणि शत्रूचा संहार करणारा डीपीएस ही त्रयी १९९९ साली निघालेल्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये रूढ झाली आणि नोव्हेंबर २००४ मध्ये ब्लिझार्ड कंपनीने काढलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने ती जगभर पोहोचविली. पुढील विवेचन मुख्यतः या दुसऱ्या खेळास धरून आहे.

स्वभावाकडे वळण्यापूर्वी कामगिरीचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे, कारण येथे स्वभाव कामगिरीस जितका घडवितो, तितकीच कामगिरीही स्वभावास घडविते. प्रत्येक शत्रू आपल्यावर कोणी किती घाव घातले याची जणू एक खतावणी ठेवीत असतो. या हिशेबास थ्रेट म्हणतात, आणि तीत ज्याचे नाव अग्रस्थानी त्याच्यावर शत्रू चालून जातो. घावाइतकीच थ्रेट घाव घालणाऱ्याच्या नावे जमा होते, तर सोबत्याची जखम भरणाऱ्याच्या नावे भरलेल्या जखमेच्या निम्मी. जवळून लढणाऱ्याने टँकच्या थ्रेटला दहा टक्क्यांनी आणि दुरून लढणाऱ्याने तीस टक्क्यांनी मागे टाकले की शत्रू टँकला सोडून त्या दुबळ्या चिलखताच्या सोबत्यावर उलटतो. म्हणजे टँकचे सोबती जितके पराक्रमी, तितके त्याचे काम बिकट. स्वतः फारसा संहार न करता शत्रूचा रोष मात्र अखंड स्वतःवर खिळवून ठेवणे, हे त्याचे कर्तव्य होय.

या कर्तव्यातून निपजणारा पहिला आणि मूलभूत गुण शौर्य आहे, असा सर्वसाधारण समज दिसतो. प्रस्तुत लेखकास तो मान्य नाही. खेळातील मृत्यूची किंमत म्हणजे चिलखताच्या डागडुजीचा खर्च आणि स्मशानापासून परत चालत येण्याचे श्रम. एवढ्यासाठी देहाच्या धैर्याची गरज पडत नाही. टँकला जे धैर्य लागते ते लोकापवाद सोसण्याचे. पाच जणांच्या तुकडीत टँक एक, हीलर एक आणि डीपीएस तीन असतात. तिघांपैकी एकाचे चुकले तर उरलेले दोघे ते निभावून नेतात व पुष्कळदा ती चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. परंतु टँक क्षणभर गाफील राहिला तर काही सेकंदांत सगळी तुकडी धारातीर्थी पडते, आणि चूक कोणाची हे सर्वांना त्याच घटकेस कळते. जो माणूस हे ठाऊक असूनही ही जागा मागून घेतो, त्याच्या ठिकाणी दोष उघडपणे पत्करण्याची तयारी असते. अशा माणसांविषयी या लेखकास मनापासून आदर वाटतो, कारण दोष वाटून घेण्याची सोय जेथे आहे अशा कामांकडेच मनुष्याचा ओढा स्वभावतः अधिक असतो.

दुसरे लक्षण अवधानाचे. टँक सर्वांच्या पुढे चालतो, कोणत्या वाटेने जावयाचे आणि शत्रूंचा कोणता जथा केव्हा छेडावयाचा हे तोच ठरवितो, आणि शत्रूंच्या डोक्यांवर कवटी, फुली अशी चिन्हे उमटवून कोणाला आधी मारावयाचे याचा क्रम मुक्रर करितो. हा अखत्यार त्यास कोणी सनद लिहून दिलेला नसतो. पुढे चालण्याच्या ओघात तो आपोआप प्राप्त होतो, आणि एरवी मितभाषी असलेली माणसे या जागेवर आल्यावर निःशंकपणे हुकूम सोडताना दिसतात. चांगला टँक मात्र पाऊल उचलण्यापूर्वी हीलरची मंत्रशक्ती, म्हणजे माना, भरली आहे की नाही हे पाहून घेतो. ऑनिक्सिया या महासर्पिणीच्या गुहेतील लढाई या अवधानाची उत्तम कसोटी मानली जाई. तिच्या मुखातून ज्वाळा निघतात, म्हणून तिचे तोंड सोबत्यांकडे होऊ द्यावयाचे नाही. तिच्या शेपटीचा तडाखा बसलेला माणूस पिलांच्या अंड्यांमध्ये जाऊन आदळतो आणि पिलांची झुंड जागी करतो, म्हणून शेपटीही त्यांच्याकडे होता कामा नये. तेव्हा पंखांच्या झोतापुढे आपण मागे फेकले जाऊ नये यासाठी पाठ भिंतीस टेकवून टँक तिला आडवी धरून ठेवी. चाळीस माणसे हे दृश्य बाजूने पाहत असताना त्यास स्वतःस दिसे ते केवळ तिचे पाय आणि पोट.

तिसरे लक्षण संयमाचे. योद्धा-वर्गाच्या टँकजवळ प्रारंभीच्या वर्षांत शील्ड वॉल नावाचा एक उपाय असे. तो दहा सेकंद तीनचतुर्थांश मारा थोपवी, परंतु एकदा वापरल्यावर अर्धा तास पुन्हा हाती येत नसे. असे साधन केव्हा खर्चावे, आणि केव्हा मरणाच्या काठावर असतानाही राखून ठेवून हीलरवर विश्वास टाकावा, या निर्णयात अनुभवी टँक आणि नवखा यांतील अंतर तत्काळ उघड होई.

खेळाचे नियम बदलले तसे या वृत्तीचे रूपही पालटत गेले, ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे. आरंभीच्या काळात टँकने संडर आर्मर हा चिलखतभेदी वार पुरता बसवीपर्यंत इतरांनी शस्त्र उचलू नये असा दस्तूर अनेक तुकड्यांत होता. हा वार एकावर एक पाचदा साठविता येई. त्यामुळे त्या पिढीतील टँक काहीसा करड्या शिस्तीचा, उतावळ्यास सर्वांदेखत खडसावणारा असा असे. २००६ साली उघडलेल्या नॅक्सरमस या मोहिमेत चार घोडेस्वारांशी लढताना आळीपाळीने मारा झेलण्यासाठी बहुधा आठ टँक उभे करावे लागत, आणि तेवढी भरवशाची माणसे नसल्यामुळे अनेक संघांची मोहीम तेथेच अडून राहिली. पुढे ऑगस्ट २०११ मध्ये टँकच्या घावांतून उपजणारी थ्रेट तिप्पट होती ती पाचपट करण्यात आली व रोष टिकविण्याची चिंता जवळजवळ संपुष्टात आली. २०१२ पासून प्रत्येक आघात अचूक क्षणी स्वतःहून बोथट करण्याच्या कौशल्यास प्राधान्य मिळाले. नवा टँक अधिक चपळ झाला आणि त्याची दृष्टी स्वतःच्या बचावाकडे अधिक वळली. यात काही गमावले गेले, असे या लेखकाचे मत आहे : पूर्वी एकासाठी इतर सर्वांना हात आवरावा लागे आणि त्या हात आवरण्यातून तुकडीस एकजीव होण्याची सवय लागे.

अशा माणसांची उणीव कायमची आहे. डिसेंबर २००९ मध्ये अनोळखी खेळाडूंच्या तुकड्या आपोआप जुळविण्याची व्यवस्था सुरू झाली, तेव्हा डीपीएसना बराच वेळ ताटकळावे लागे आणि टँकला मात्र जवळजवळ तत्काळ प्रवेश मिळे. एप्रिल २०११ पासून ज्या भूमिकेची टंचाई असेल तीस सोन्याने व दुर्मिळ वस्तूंनी भरलेली एक थैली इनाम म्हणून देण्यात येऊ लागली. ती बहुधा टँकच्याच वाट्यास येई. परंतु लोकांस अडविणारी गोष्ट बक्षिसाचा अभाव ही नव्हतीच, परक्यांच्या देखत चुकण्याची भीती ही होती, आणि तिच्यावर थैलीचा इलाज चालत नाही. जानेवारी २०२४ मध्ये संगणकाने चालविलेल्या सोबत्यांबरोबर गुहा खेळण्याची सोय झाली, ती या भीतीचे खरे निदान जाणणारी वाटते. याच टंचाईतून टँकचा ठळक दुर्गुणही जन्मास येतो : आपल्यावाचून कोणाचे चालत नाही हे कळल्यावर काही जण हीलरचा मुलाहिजा न ठेवता धावत सुटतात, आणि पहिल्याच पराभवानंतर तुकडी सोडून निघून जातात.

खेळाडूंच्या स्वभावाचा शास्त्रीय विचारही झालेला आहे. रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार कल्पिले. निक यी यांनी २००६ मध्ये सिद्धी, सहवास आणि तल्लीनता अशा तीन प्रेरणा मांडल्या आणि २०११ मध्ये सहकाऱ्यांसह ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधील वर्तनाचा मानसशास्त्रातील पाच व्यक्तिमत्त्वघटकांशी संबंध तपासला. बहिर्मुख माणसे तेथेही सामूहिक उपक्रमांत अधिक रमतात, असे त्यात आढळले. टँकची वृत्ती यांपैकी कोणत्याही एका कप्प्यात पुरती बसत नाही, कारण तीत सिद्धीची आस असली तरी ती दुसऱ्यांच्या सुखरूपतेवरूनच मोजली जाते.

मोठ्या मोहिमांत मुख्य टँकबरोबर एक दुय्यम टँक तैनात असतो. मुख्य टँकच्या अंगावर घातक प्रभाव साचत गेले की दुय्यम टँक टाँट नावाचे आव्हान देऊन शत्रूस आपल्याकडे वळवितो. त्या क्षणी पहिल्याने मान न धरता बाजूस व्हावे लागते. या दुसऱ्या जागेवर समाधानाने वर्षे काढणारी माणसे मुख्य टँकहूनही दुर्मिळ असतात.

ऑगस्ट २०१२ मध्ये निघालेल्या ‘गिल्ड वॉर्स २’च्या कर्त्यांनी टँक, हीलर आणि डीपीएस ही त्रयी बुद्ध्याच वगळली होती आणि प्रत्येकाने आपापले रक्षण करावे अशी तजवीज केली होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्या खेळात दहा जणांच्या मोहिमा सुरू झाल्या, आणि त्यांतील पहिलाच प्रतिस्पर्धी, व्हेल गार्डियन, ज्याच्या अंगी टफनेस, म्हणजे चिवटपणा, सर्वाधिक त्याच्यावर चालून जाई. तेव्हा इतरांपेक्षा थोडा अधिक टफनेस बाळगून त्यास हिंडवीत नेणारा एक माणूस प्रत्येक तुकडीस आधी ठरवून घ्यावा लागला.