‘स्टार वॉर्स’ : नव्याची मागणी आणि जुन्याची ओढ

एखादी कथा लोकांच्या मनांत एकदां घर करून बसली म्हणजे तिचा पुढचा भाग रचणें हें मोठें जोखमीचें काम होऊन बसतें. नवा भाग पहिल्यासारखा उतरला तर कर्त्याची प्रतिभा आटली असें लोक म्हणतात. निराळा उतरला तर ही आमची कथाच नव्हे अशी ओरड करतात. आणि विशेष हें कीं, या दोन्ही तक्रारी करणारीं माणसें पुष्कळदां तींच असतात. कॉनन डॉइलनें १८९३ सालीं शेरलॉक होम्सला धबधब्याच्या दरींत लोटून दिलें व १९०३ सालीं त्याला पुन्हां जिवंत करून आणिलें. दरींत पडून होम्स मेला नसेल, पण त्यानंतर तो पूर्वीचा माणूस कांहीं राहिला नाहीं, असें कॉर्नवॉलमधील एका नावाड्यानें आपल्याला ऐकविल्याची हकीकत खुद्द डॉइलनेंच लिहून ठेविली आहे.

आपल्या काळांत या जातीचा सर्वांत मोठा वाद झाला तो ‘स्टार वॉर्स’ या अमेरिकन चित्रमालेवरून. वरवर पाहतां तो पोरखेळ वाटेल. परंतु लोकांनीं आपली मानलेली कथा खरोखर कोणाची, हा प्रश्न त्याच्या मुळाशीं होता, आणि त्या प्रश्नापायीं कांहीं जिवंत माणसांना फार सोसावें लागलें. म्हणून तो इतिहास थोड्या तपशिलानें पाहण्यासारखा आहे.

जॉर्ज ल्यूकस या दिग्दर्शकाचा ‘स्टार वॉर्स’ २५ मे १९७७ रोजीं अमेरिकेंतील अवघ्या ३२ चित्रगृहांत लागला. वाळवंटी ग्रहावर शेतकरी चुलत्याच्या घरीं वाढलेला ल्यूक स्कायवॉकर नांवाचा तरुण, एका यंत्रमानवाच्या पोटांत दडविलेला गुप्त आराखडा, एक वृद्ध गुरु, एक राजकन्या, एक चोरटा व्यापार करणारा खलाशी, आणि अखग्रहाचा चुराडा करूं शकणारा जुलमी साम्राज्याचा आकाशस्थ किल्ला, एवढ्या सामग्रीवर ती कथा उभी आहे. तिला नवी कोण म्हणेल? आणि तरीहि १९७७ सालच्या प्रेक्षकांना असें कांहीं आपण पूर्वीं पाहिलेंच नव्हतें, असें वाटलें.

वस्तुतः त्या चित्रपटाचा जन्मच गतकालाच्या ओढींतून झाला होता. ल्यूकसनें १९७३ सालीं ‘अमेरिकन ग्राफिटी’ हा चित्रपट काढला. तो १९६२ सालच्या एका रात्रीचा. अकरा वर्षांपूर्वीच्या दिवसांविषयीं ज्याला हळहळ वाटते, त्याचा पिंड कोणता हें वेगळें सांगावयास नको! लहानपणीं पाहिलेल्या ‘फ्लॅश गॉर्डन’वर चित्रपट काढावा, ही त्याची पहिली इच्छा होती. अलेक्स रेमंडनें १९३४ सालीं सुरू केलेली ती चित्रकथा. १९३६ सालीं तिच्यावर तेरा भागांचा चित्रपट निघाला होता. पडद्यावर वरवर सरकत जाणारा जो मजकूर ‘स्टार वॉर्स’च्या आरंभीं दिसतो, तो या जुन्या भागवार चित्रपटांतील ‘मागील कथासूत्रा’चीच नक्कल आहे. कुरोसावाच्या ‘द हिडन फोर्ट्रेस’ (१९५८) मधील दोन भांडखोर शेतकरी येथें दोन यंत्रमानव झाले. शेवटची आकाशांतील झुंज दुसऱ्या महायुद्धावरील चित्रपटांतील विमानांचीं दृश्यें जोडून आधीं आंखून घेतली होती.

मग नवेपणा आला कोठून? ‘फ्लॅश गॉर्डन’चे हक्क ल्यूकसला मिळूं शकले नाहींत. आमच्या मतें ही त्या चित्रपटाच्या इतिहासांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. हक्क मिळते, तर त्यानें आपल्या आवडत्या नायकाचें एक झकपक पुनर्दर्शन घडविलें असतें व तें कदाचित् आज कोणाला आठवलेंहि नसतें. हक्क नाकारले गेल्यामुळें त्याला आठवणींचा सुगंध तेवढा ठेवून नांवें, ग्रह, शस्त्रें, धर्म, इतिहास, सारें स्वतः निर्माण करावें लागलें. जें प्रेमाचें होतें तें त्याला जसेंच्या तसें घेतां येईना, म्हणून तो कल्पक झाला.

यापुढचा भाग अधिक मौजेचा आहे. १९८० व १९८३ सालच्या दोन चित्रपटांनीं ती कथा पुरी झाली. १९८८ सालीं ल्यूकस अमेरिकन काँग्रेसपुढें गेला व जुन्या चित्रपटांत फेरफार करण्याविरुद्ध त्यानें साक्ष दिली. कृष्णधवल चित्रपटांना रंग चढविण्याचा उद्योग तेव्हां जोरांत होता. १९८९ सालीं राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन करावयाच्या पहिल्या २५ अमेरिकन चित्रपटांत ‘स्टार वॉर्स’ निवडला गेला. आणि १९९७ सालीं याच ल्यूकसनें आपले तिन्ही चित्रपट नव्या दृश्यांची भर घालून पुन्हां प्रदर्शित केले! मूळ चित्रपटांत हॅन सोलो हा खलाशी गुत्त्यांत आपल्यावर चालून आलेल्या मारेकऱ्याला आधीं गोळी घालतो. नव्या प्रतींत मारेकरी आधीं झाडतो व मग हॅन. क्षणभराचा हा फरक, पण पात्राचा स्वभावच पालटला म्हणून प्रेक्षक खवळले. कर्त्याविरुद्ध कृतीचा कैवार घेण्याची ही त्यांची पहिली वेळ, आणि या वेळीं न्याय त्यांच्या बाजूस होता असें आम्हांस वाटतें.

१९९९ सालीं ‘द फँटम मेनेस’ आला. येथें ल्यूकसनें, कांहींहि म्हटलें तरी, स्वतःची नक्कल केली नाहीं. व्यापारी मार्गांवरील कर, लोकसभेंतील डावपेंच, प्रजासत्ताक आपण होऊन हुकूमशाहीच्या स्वाधीन कसें होतें, हा त्याचा विषय. विषय थोर, संवाद मात्र लाकडासारखे. गूढ ‘फोर्स’चा उगम रक्तांतील सूक्ष्म जीवांत आहे हें ऐकून तर भाविकांचा विरसच झाला. राग निघाला तो नटांवर. जार जार बिंक्सची भूमिका करणारा अहमद बेस्ट यानें २०१८ सालीं उघड सांगितलें, कीं त्या टीकेच्या वर्षावानें आपण जीव देण्याच्या विचारापर्यंत पोंचलों होतों.

ऑक्टोबर २०१२ मध्यें ल्यूकसनें आपली कंपनी डिस्नेला सुमारें ४०५ कोटि डॉलरांस विकली. पुढील भागांचीं आपलीं टिपणेंहि त्यानें दिलीं. नव्या मालकांनीं तीं बाजूस ठेविलीं. कादंबऱ्यांतून वाढलेला या कथेचा विस्तारहि एप्रिल २०१४ मध्यें ‘दंतकथा’ ठरवून मुख्य इतिहासांतून वगळण्यांत आला. डिसेंबर २०१५ मध्यें जे. जे. एब्रॅम्सचा ‘द फोर्स अवेकन्स’ झळकला. पुन्हां वाळवंटी ग्रह, पुन्हां पोरकें मूल (या वेळीं रे नांवाची मुलगी), पुन्हां यंत्रमानवाच्या पोटांतील गुपित, पुन्हां वडीलधाऱ्याचा डोळ्यांदेखत वध, आणि पुन्हां तो संहारक गोल, फक्त पूर्वींपेक्षां मोठा. चित्रपटानें जगभर २०० कोटि डॉलरांहून अधिक मिळविले. म्हातारा हॅन सोलो पडद्यावर येतांच मोठमोठीं माणसें रडलीं. मग घरीं जाऊन डोळे पुसल्यावर त्यांपैकींच कित्येकांना वाटूं लागलें, कीं आपण जुनाच चित्रपट पाहिला. त्यांना जुन्या वळणाचाच चित्रपट हवा होता, मी मात्र प्रत्येक वेळीं नवें करण्याची धडपड केली, अशा अर्थाचें ल्यूकसनेंहि एका मुलाखतींत बोलून दाखविलें.

येथें एब्रॅम्सची बाजूहि सांगितली पाहिजे. मागील तीन चित्रपटांनीं ज्यांचा विश्वास उडाला होता त्यांना परत घरांत आणावयाचें, तर ओसरी ओळखीची असावी लागते. रे, फिन व कायलो रेन हीं पात्रें खरोखर ताजीं होतीं. विशेषतः आजोबाच्या दुष्कीर्तीची पूजा करणारा, त्याच्यासारखा मुखवटा घालणारा कायलो म्हणजे गतवैभवाच्या वेडाचेंच चित्र. पण हक्क हातीं असले म्हणजे आळस सुचतो, हेंहि तितकेंच खरें.

दोन वर्षांनीं, डिसेंबर २०१७ मध्यें, रायन जॉन्सनच्या ‘द लास्ट जेडाय’नें नेमका उलटा डाव टाकला. मोठ्या भक्तिभावानें दिलेली वडिलांची तरवार ल्यूक खांद्यावरून मागें फेकून देतो. तो आतां थकलेला, स्वतःच्या अपयशानें खचलेला, एका बेटावर दडून बसलेला वृद्ध आहे. रेचे आईबाप कोणी नव्हते, साधे भंगारवाले होते. प्रेक्षक दुभंगले. हा चित्रपट अधिकृत इतिहासांतून काढून टाकावा, अशा अर्जावर लाखांहून अधिक सह्या झाल्या. ल्यूकची भूमिका करणाऱ्या मार्क हॅमिललाहि आपलें पात्र असें रंगविणें प्रथम पटलें नव्हतें. तें उघड बोलल्याबद्दल त्यानें पुढें खेद व्यक्त केला. आमच्या मतें त्या मालिकेंतील सर्वांत धीट चित्रपट हाच. जुन्या नायकाला अपयश सोसूं देणें ही त्याची विटंबना नव्हे. मात्र जुगारघराचा मधला प्रसंग कंटाळवाणा आहे, हें त्याच्या चाहत्यांनींहि मान्य करावें.

याच चित्रपटांतील केली मरी ट्रॅन या अभिनेत्रीवर आंतरजालावरून वंश व रूप यांवरून इतकी घाण फेंकण्यांत आली, कीं २०१८ सालीं तिनें तेथून आपलें सारें काढून घेतलें, व त्याच वर्षीं न्यूयॉर्क टाइम्समध्यें लेख लिहून आपण गप्प बसणार नाहीं असें बजाविलें. कथानक न आवडल्याचा सूड नटीवर! पात्र लिहिणारा निराळा आणि तें वठविणारा निराळा, एवढा विवेक तमाशाच्या फडांतहि असतो.

आपल्याकडे रामकथा शतकानुशतकें पुन्हां पुन्हां सांगितली गेली. एकट्या मोरोपंतांनीं ती किती तरी घाटांनीं रचली. एकाची रामायणें दुसऱ्याचीं रद्द करीत नव्हतीं, कारण त्या कथेचा खरेदीखतानें ठरलेला मालक कोणी नव्हता. ‘स्टार वॉर्स’ची अडचण ही, कीं तिचा मालक एक, तो सांगेल तीच खरी कथा. म्हणून न आवडलेला प्रत्येक भाग प्रेक्षकांना आपल्या घरावर आलेल्या जप्तीसारखा वाटतो.

जॉन्सनवर झालेल्या गिल्ल्यानंतर २०१९ च्या अखेरीस एब्रॅम्स परत आला. ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’ मध्यें मेलेला सम्राट पाल्पटीन उठून बसला. आणि रे, जी कोणाचीच नव्हती, ती त्याची नात ठरली. दोन वर्षांपूर्वीं दिलेलें उत्तर असें मागें घेतल्यानें ना जुने संतुष्ट झाले ना नवे. तिकिटविक्रीहि २०१५ च्या जवळजवळ निम्म्यावर आली.

त्यानंतर या विश्वांतील सर्वांत कसदार रचना भलत्याच दिशेनें आली. ‘अँडॉर’ (२०२२ व २०२५) या टोनी गिलरॉयच्या दूरदर्शन-मालिकेंत जेडाय नाहींत, तेजस्वी तरवारी नाहींत, स्कायवॉकर कुटुंबांतला कोणी नाहीं. नायक शेवटीं मरणार हें प्रेक्षकांना २०१६ सालच्या ‘रोग वन’पासूनच ठाऊक होतें. तिच्या पहिल्या पर्वांत एक तुरुंग आहे. पांढऱ्या कपड्यांतले कैदी तेथें पाळीपाळीनें कसले तरी लोखंडी सांगाडे जुळवीत असतात. हें काय आहे, कशासाठीं आहे, कोणालाहि माहीत नाहीं. हळू काम करणाऱ्या टोळीला विजेचा झटका. पर्व संपून नामावळि सरकून गेल्यावर एकच दृश्य दिसतें: यंत्रें तेच सांगाडे एका प्रचंड चकतींत बसवीत आहेत. ती चकती १९७७ सालच्या त्या आकाशस्थ किल्ल्याची आहे.