ईथरनेट

एकाच इमारतीतील, कारखान्यातील अथवा विद्यापीठाच्या आवारातील संगणक, मुद्रणयंत्रे, माहिती साठविणारी यंत्रे इ. साधने परस्परांना जोडून त्यांच्यात माहितीची देवाणघेवाण घडवून आणणारी संदेशवहन पद्धती. एका कार्यालयापुरती म्हणून १९७३ मध्ये अमेरिकेत ती निर्माण झाली. परंतु पुढील पन्नास वर्षांत तिने दूरध्वनी कंपन्यांच्या शहरांतर्गत वाहिन्या, घरोघर जाणाऱ्या विस्तृतपट्ट (ब्रॉडबँड) सेवा, मोटारगाड्या आणि कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारलेली महासंगणन केंद्रे या सर्व क्षेत्रांत प्रवेश केला. तिच्या तोडीच्या, किंबहुना शास्त्रीय दृष्ट्या अधिक काटेकोर मानल्या गेलेल्या अनेक पद्धती मागे पडल्या आणि ही टिकली. याची कारणे जितकी तांत्रिक आहेत तितकीच ती मालकी व किंमत यांच्याशी निगडित आहेत.

पूर्वपीठिका : हवाई विद्यापीठ निरनिराळ्या बेटांवर विखुरलेले असल्याने तेथील केंद्रीय संगणक दूरध्वनीच्या तारांनी सर्वांना उपलब्ध करून देणे खर्चाचे व बेभरवशाचे होते. नॉर्मन एब्रॅमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये ‘अलोहा’ हे रेडिओ जालक सुरू केले. यात प्रत्येक ठाण्याने वाटेल तेव्हा संदेश पाठवावा, पोच न मिळाल्यास काही काळ थांबून तो पुन्हा पाठवावा, एवढाच नियम होता. दोन ठाणी एकाच वेळी बोलू लागल्यास दोन्ही संदेश नष्ट होत. गणिताने असे दिसून आले की, अशा व्यवस्थेत वाहिनीच्या क्षमतेपैकी जास्तीत जास्त सु. १८ टक्के भागच उपयोगी पडू शकतो. ठराविक क्षणीच संदेश सुरू करण्याचे बंधन घातले, तर हे प्रमाण दुप्पट म्हणजे सु. ३७ टक्के होते. हा दुसरा आकडा पुढे ईथरनेटच्या विरोधात वारंवार वापरला गेला, म्हणून तो लक्षात ठेवण्याजोगा आहे.

शोध : कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात त्या सुमारास ‘आल्टो’ हा व्यक्तिगत संगणक आणि लेसर मुद्रणयंत्र तयार होत होते. प्रत्येकाच्या मेजावर एक संगणक ठेवावयाचा आणि सर्वांनी मिळून एक महागडे मुद्रणयंत्र वापरावयाचे, तर त्यांना जोडणारे वेगवान व स्वस्त जाळे आवश्यक होते. हे काम रॉबर्ट मेटकाफ यांच्याकडे आले. एब्रॅमसन यांच्या लेखातील गणित त्यांनी अभ्यासले होते. संदेशांची टक्कर होत असल्यास ठाण्यांनी आधी ऐकावे व मग बोलावे, ही सुधारणा त्यांनी केली. २२ मे १९७३ रोजीच्या टिपणात त्यांनी या योजनेला ‘ईथरनेट’ हे नाव दिले. प्रकाशलहरींचे वाहक म्हणून कल्पिलेले सर्वव्यापी ईथर मायकेलसन व मॉर्ली यांच्या १८८७ मधील प्रयोगानंतर भौतिकीने हळूहळू टाकून दिले होते. ते नाव अशा रीतीने एका तांब्याच्या केबलीला मिळाले. डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्याने त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात हे जालक चालू झाले. त्याचा वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट होता. १९७६ साली मेटकाफ व बॉग्ज यांनी या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १९७७ मध्ये झेरॉक्सला तिचे एकस्व मिळाले.

तत्त्व : या पद्धतीची तुलना अध्यक्ष नसलेल्या सभेशी करता येईल. कोणी बोलत नाही असे पाहून सभासद बोलू लागतो. दोघांनी एकदमच सुरुवात केली, तर दोघेही थांबतात आणि मनाशी ठरविलेला यादृच्छिक काळ गेल्यावर पुन्हा प्रयत्न करतात. पुन्हा टक्कर झाल्यास थांबण्याच्या काळाची कमाल मर्यादा दुप्पट केली जाते. परिणामी गर्दी वाढली की सर्वजण आपोआप सबुरीने वागू लागतात. कोणत्याही मध्यवर्ती यंत्रणेची गरज नसल्याने एखादे ठाणे बंद पडले तरी उरलेल्यांचे व्यवहार चालू राहतात.

टक्कर झाल्याचे प्रेषकाला कळावयाचे, तर संदेशाचे टोक केबलीच्या दूरच्या टोकापर्यंत जाऊन टक्करीची वार्ता परत येईपर्यंत तो बोलत असला पाहिजे. सेकंदाला १० मेगाबिट या वेगासाठी हा काळ ५१.२ मायक्रोसेकंद धरण्यात आला. तेवढ्या वेळात ५१२ बिट म्हणजे ६४ बाइट पाठविले जातात. म्हणून ईथरनेटची सर्वांत लहान चौकट ६४ बाइटांची असते. वेग दसपट केला की जालकाची लांबी त्याच प्रमाणात घटवावी लागते, ही मर्यादा यातूनच उद्‌भवली आणि पुढील सर्व इतिहासावर तिची छाया पडली.

मानकीकरण व स्पर्धा : झेरॉक्सने ही पद्धती स्वतःपुरती ठेवली असती, तर ती त्या कंपनीच्या अन्य कित्येक शोधांप्रमाणे विस्मृतीत गेली असती. मेटकाफ यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स सोडून ‘थ्रीकॉम’ ही कंपनी काढली आणि डिजिटल इक्विपमेंट, इंटेल व झेरॉक्स यांना एकत्र आणण्यात पुढाकार घेतला. या तिघांनी सप्टेंबर १९८० मध्ये १० मेगाबिट वेगाच्या ईथरनेटची तपशीलवार संहिता प्रसिद्ध केली. झेरॉक्सने एकस्वाचा वापर करण्याची अनुज्ञा १,००० डॉलर एवढ्या नाममात्र शुल्कात कोणालाही देऊ केली. विद्युत् व इलेक्ट्रॉनिकी अभियंत्यांच्या संस्थेने (आयईईईने) १९८० मध्येच स्थानिक जालकांसाठी ८०२ क्रमांकाची समिती नेमली होती. मात्र तेथे एकमत होऊ शकले नाही. जनरल मोटर्सला कारखान्यातील यंत्रांसाठी संदेश किती वेळात पोहोचेल याची हमी हवी होती. आयबीएमचा आग्रह वलयाकार जालकाचा होता. त्यात ‘टोकन’ नावाची एक छोटी चौकट वलयात फिरत राहते व ती ज्याच्या हाती असेल त्यानेच बोलावयाचे असते. अखेरीस तिन्ही पद्धतींना स्वतंत्र मानके मिळाली. ईथरनेटचे ८०२.३ हे मानक १९८३ मध्ये मान्य झाले.

यानंतरचे दशक वादाचे होते. टोकन वलयाच्या पुरस्कर्त्यांचा युक्तिवाद असा होता की, यादृच्छिकतेवर चालणारी व्यवस्था गर्दीच्या वेळी कोसळेल आणि ३७ टक्क्यांपलीकडे ईथरनेटचा उपयोगच होणार नाही. वस्तुतः हा आकडा अलोहाच्या सुधारित रूपाचा होता. आधी ऐकून मग बोलणाऱ्या पद्धतीला तो लागू नव्हता. बॉग्ज, मोगल व केंट यांनी १९८८ मध्ये प्रत्यक्ष मोजमापे प्रसिद्ध करून, मोठ्या चौकटी वापरल्यास केबलीची क्षमता जवळजवळ पूर्ण वापरता येते, हे दाखवून दिले. तथापि निर्णय बाजारात लागला. आयबीएमचे १९८५ मधील वलय ४ मेगाबिट व १९८९ मधील १६ मेगाबिट वेगाचे होते. त्याची वर्तणूक नियमबद्ध होती, पण साधने महाग होती. ईथरनेटची साधने अनेक उत्पादक बनवीत असल्याने त्यांच्या किंमती सतत उतरत गेल्या.

मूळची जाड पिवळी समाक्ष केबल मात्र कोणालाच प्रिय नव्हती. ती सहजी वाकत नसे, तिला ठराविक खुणांवर भोक पाडून जोडण्या कराव्या लागत, आणि एके ठिकाणी बिघाड झाला की सर्व मजल्याचे काम ठप्प होई. सिनॉप्टिक्स व इतर कंपन्यांनी दूरध्वनीसाठी वापरतात तशा पीळ दिलेल्या तारांच्या जोड्यांवर ईथरनेट चालवून दाखविले. १९९० च्या मानकानुसार प्रत्येक संगणकापासून मध्यवर्ती पेटीपर्यंत १०० मी. पर्यंतची स्वतंत्र तार नेता येऊ लागली. इमारतींत दूरध्वनीच्या तारा अशाच पसरलेल्या असल्याने ही रचना बांधकामाच्या प्रचलित रीतीत सहज बसली.

स्विच : सर्वांत मोठा बदल त्याच वर्षी घडला. विनोद भारद्वाज हे ज्या कंपनीच्या संस्थापकांपैकी होते, त्या ‘कल्पना’ नावाच्या कॅलिफोर्नियातील कंपनीने १९९० मध्ये सात जोडण्यांचे ईथरनेट स्विच बाजारात आणले. साधी पेटी आलेला संदेश सर्व तारांवर सोडते. स्विच चौकटीवरील ४८ बिटांचा पत्ता वाचून ती केवळ संबंधित तारेवर पाठविते. त्यामुळे एकाच वेळी अनेक जोड्यांना पूर्ण वेगाने बोलता येते. सिस्को कंपनीने १९९४ मध्ये ‘कल्पना’ विकत घेतली. पुढे १९९७ च्या मानकाने दोन्ही दिशांनी एकाच वेळी वहन शक्य केले. आता तारेवर दोनच पक्ष उरले व दोघांचे मार्ग वेगळे झाले, तेव्हा टक्कर होण्याचे कारणच राहिले नाही, आणि तिच्यामुळे येणारी लांबीची मर्यादाही संपली. ज्या तत्त्वावर मेटकाफ यांची कीर्ती उभी होती, ते तत्त्व अशा रीतीने गळून पडले. १० गिगाबिट वेगाच्या २००२ च्या मानकात त्याला स्थानच देण्यात आले नाही. टिकून राहिली ती चौकट, तिचे पत्ते व ते नाव. वेगळ्या पद्धतींची साधने टाकून नवी घ्यावी लागत. ईथरनेटच्या ग्राहकाला जुनी चौकट नव्या वेगाने पाठविता येई. १९९५ मध्ये १०० मेगाबिट, १९९८ मध्ये १ गिगाबिट, २०१० मध्ये १०० गिगाबिट, २०१७ मध्ये ४०० गिगाबिट व २०२४ मध्ये ८०० गिगाबिट असा हा क्रम आहे.

स्विचांचे जाळे वाढले की चौकटी वर्तुळात फिरत राहण्याचा धोका निर्माण होतो. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल कंपनीत शोधून काढलेल्या वृक्षरचनेच्या रीतीने तो टळला. मोठ्या कार्यालयांत हिशेब, प्रशासन, पाहुणे इत्यादींचे व्यवहार एकाच तारेवरून पण वेगळे ठेवण्याची सोय १९९८ च्या मानकाने झाली. सुरक्षिततेचा विचार मात्र या पद्धतीत मुळात नव्हता. एका संशोधन केंद्रातील परस्परांना ओळखणाऱ्या माणसांसाठी ती निघाली होती. नंतर जोडलेल्या उपायांत हे ठिगळपण जाणवते.

विस्तृतपट्ट सेवा : दूरध्वनी कंपन्यांनी १९८० नंतरच्या दशकात आपल्या भावी जालकासाठी ‘एटीएम’ ही निराळी पद्धती निवडली होती. तीत सर्व माहिती ५३ बाइटांच्या एकसारख्या कोशिकांत कापून पाठविली जाई. आवाजाच्या वहनासाठी लहान कोशिका सोयीच्या होत्या. परंतु त्यांतील ५ बाइट पत्त्यासाठीच खर्च होत. घरोघरच्या दूरध्वनीच्या तारांवर चालणारी एडीएसएल सेवा बहुधा याच पद्धतीवर आधारलेली होती. तांब्याच्या तारेची लांबी वाढेल तसा वेग घटतो, हा तिचा अंगभूत दोष होय. चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये शुद्ध काचतंतूतून दूरवर संदेशवहन शक्य असल्याचे दाखविले होते व १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीने तसा तंतू बनविला. पण तो घरापर्यंत येण्यास तीन दशकांहून अधिक काळ लागला. एकच तंतू वाटेत निष्क्रिय विभाजकाने अनेक घरांना वाटून देण्याचे ईथरनेट मानक २००४ मध्ये निघाले. या रचनेत अनेक घरे पुन्हा एका माध्यमाची भागीदार होतात; मात्र येथे कोणी केव्हा बोलावे हे मध्यवर्ती यंत्र ठरविते.

भारतात शैक्षणिक संस्थांना जोडणारे ‘अर्नेट’ १९८६ मध्ये सुरू झाले; मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्र व तेथील भारतीय तंत्रविज्ञान संस्था आरंभीच्या सहभागी संस्थांत होत्या. संस्थेच्या आवारात १० मेगाबिट वेगाचे ईथरनेट असताना दिल्ली-मुंबई ही १९९१ मधील भाड्याची वाहिनी सेकंदाला अवघी ९.६ किलोबिट वाहून नेई. आवारातील विपुलता व आवाराबाहेरील टंचाई यांतील ही दरी देशात पुढेही राहिली. शासनाच्या २००४ च्या धोरणानुसार २५६ किलोबिट वेगाची सेवा विस्तृतपट्ट म्हणविण्यास पात्र होती. ही मर्यादा २०१३ मध्ये ५१२ किलोबिट व २०२३ मध्ये २ मेगाबिट करण्यात आली. सु. अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशीय तंतू नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली व पुढे ती ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. ग्रामपंचायतीपर्यंत तंतू पोहोचणे आणि तेथून घरापर्यंत सेवा पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी पहिलीइतकी सोपी ठरलेली नाही.

अलीकडील प्रवाह : तारेतूनच वीजही पुरविण्याच्या २००३ च्या मानकात १५.४ वॉट शक्ती मिळे. २०१८ च्या मानकात ती ९० वॉटपर्यंत गेली. त्यामुळे कॅमेरे, दिवे व बिनतारी ठाणी यांना वेगळी वीजजोडणी लागत नाही. कारखान्यांसाठी एकाच जोडीवर १ किमी. पर्यंत १० मेगाबिट वेग देणारे मानक २०१९ मध्ये आले. जनरल मोटर्सने मागितलेली वेळेची हमीही आता ईथरनेटच्या चौकटींना वेळापत्रक लावून दिली जाते.

जुना वाद नव्या रूपात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांत उपस्थित झाला आहे. तेथे हजारो प्रक्रियक एकाच गणिताचे भाग सोडवितात आणि प्रत्येक टप्प्यावर परस्परांची वाट पाहतात. एक चौकट हरवली वा रेंगाळली, तर सर्वांचा खोळंबा होतो. अशा कामासाठी, ग्राहीकडे जागा असल्याची खात्री झाल्याविना काहीच न पाठविणारी ‘इन्फिनिबँड’ ही पद्धती प्रथम पसंतीची ठरली. तिच्या साधनांची प्रमुख उत्पादक मेलानॉक्स ही कंपनी २०२० मध्ये एनव्हिडियाच्या ताब्यात गेल्यावर एकाच पुरवठादारावरील अवलंबन ग्राहकांना व स्पर्धकांना खुपू लागले. ब्रॉडकॉम, सिस्को, इंटेल, मेटा, मायक्रोसॉफ्ट इत्यादींनी २०२३ मध्ये ‘अल्ट्रा ईथरनेट’ संघ स्थापन केला. त्याची पहिली संहिता जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत एकाच संदेशाच्या चौकटी अनेक मार्गांनी पाठवून हरवलेलीच चौकट पुन्हा मागविण्याची योजना आहे. ८०० गिगाबिटनंतर १.६ टेराबिट वेगाच्या मानकाचे काम हाती घेण्यात आले. या वेगांना तांब्यातून काही मीटरच जाता येते आणि विद्युत् संदेशाचे प्रकाशात रूपांतर करणाऱ्या घटकांना लागणारी वीज हा खर्चाचा मोठा भाग होऊ लागला आहे. म्हणून हे घटक स्विचच्या मुख्य चकतीलगतच बसविण्याकडे उत्पादकांचा कल दिसतो.