व्हिस्कीचे पाच ग्लास आणि आमच्या दांडीची ताडी

हेडफोन काढून वाचणाऱ्यांसाठी आजचा भाग थोडा नीटनेटका करून टाकतोय. विषय पिण्याचा आहे, म्हणून आधीच सांगतो: महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात, आणि कायद्याने बघितलं तर परवानाही लागतो. तो किती जणांच्या खिशात असतो, ते तुम्हीच बघा.

तर गेल्या वर्षी पुण्यात एका मित्राच्या फ्लॅटवर आम्ही आठ जण जमलो होतो. सगळे आयटीवाले. टेबलावर पाच ग्लास, प्रत्येकात जेमतेम दोन घोट. मित्र शिकवत होता: आधी रंग बघ, मग तोंड किंचित उघडं ठेवून वास घे, मग घोट जिभेवर फिरव, आणि शेवटी दोन थेंब पाणी घालून परत. आधी मला हसू आलं. पण खरं सांगतो, फरक कळतो. स्पेसाइडच्या व्हिस्कीला सफरचंद आणि मधासारखा वास. अमेरिकन बर्बनला व्हॅनिला, कारण ती निम्म्याहून जास्त मक्याची असते आणि आतून जाळलेल्या ओकच्या कोऱ्या पिंपात मुरते. आयरिश मऊ, कारण तिकडे बरेच जण तीनदा गाळतात. चौथी आयला बेटावरची. तिथे पीट, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साठलेला कुजका गवताळ थर, जाळून त्या धुरावर जव सुकवतात. बाकीच्यांनी नाकं मुरडली. मला मात्र तो वास ओळखीचा वाटला. वलांडीवर बोंबील सुकतायत, कडेला कुणीतरी चूल पेटवलीय आणि खारा वारा सुटलाय, अगदी तसा.

पाचवी गोव्याची, कुंकळ्ळीत बनणारी पॉल जॉन. उष्ण हवेत पिंपातली दारू भराभर उडते आणि तितक्याच भराभर मुरते. स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण दोन टक्के उडते, आपल्याकडे त्याच्या काही पट. म्हणून आपली पाच-सहा वर्षांची सिंगल माल्ट तिकडच्या बऱ्याच जुन्या माल्टला टक्कर देते.

तेवढ्यात गोव्याचा एक जण म्हणाला, "आमच्याकडे फेणी पण आहे. तुमच्याकडे काय बनतं?"

मी म्हणालो, "काही नाही रे. ताडी वगैरे."

सगळे हसले. मीही हसलो. घरी जाताना मात्र ते 'वगैरे' डोक्यातून जाईना.

गुगलवर दांडी टाकलंत तर गांधीजींची दांडी येते, गुजरातची. आमची वेगळी. बोईसर स्टेशनला उतरायचं, तारापूर एमआयडीसीचा वास मागे टाकत पश्चिमेला जायचं, समुद्र लागतो तिथे आम्ही. मासेमारीचं गाव. आणि या सगळ्या पट्ट्यात, डहाणूपर्यंत, ताडाची झाडं.

ताडी ज्याने नुसती 'झणझणीत पांढरं पाणी' म्हणून ओळखली असेल त्याला सांगायला हवं, की ती दिवसभरात चार पेयं होते. संध्याकाळी झाडावर मडकं बांधतात, पहाटे उतरवतात. उजाडायच्या आत ती गोड असते, तीच नीरा. हवेतलं यीस्ट कुणी घालावं लागत नाही, ते आपणहून कामाला लागतं. नऊ-दहाला हलकी आंबट आणि फेसाळ, दुपारी कडक, संध्याकाळी व्हिनेगरच्या वाटेवर. शिवाय ताडाची वेगळी, शिंदीच्या झाडाची वेगळी, नारळाची माडी आणखी वेगळी. आजोबा पहिल्या घोटात सांगायचे की मडकं आधीच्या दिवशी नीट धुतलं होतं की नाही. पुण्यातल्या आमच्या मित्राने ते ऐकलं असतं तर त्यांचा वर्कशॉप ठेवला असता.

पूर्वेला डोंगराकडे गेलं, जव्हार-मोखाड्याकडे, की मोह लागतो. मार्च-एप्रिलमध्ये फुलं रात्री गळतात, पहाटे वेचायची, वाळवायची, भिजवून आंबवायची, मग भट्टीवर गाळायची. 'पहिल्या धारेची' हा शब्द आपण मराठीत कशालाही लावतो, गाण्याला, राजकारणाला, शिवीलाही. तो या भट्टीवरचा आहे. व्हिस्कीवाला सुरुवातीची आणि शेवटची धार बाजूला काढतो आणि मधली ठेवतो. आपल्याकडे मान पहिल्या धारेला, कारण ती सगळ्यात जहाल. चव म्हणून मधली धार बरी, हे माझं मत. गावात बोललो तर मार खाईन.

मग ही 'वगैरे' कधी झाली? उत्तर बऱ्याच अंशी करात आहे.

१८७८ मध्ये मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. त्यामागे होते चार्ल्स प्रिचर्ड नावाचे अधिकारी. त्यांचं खातं बघा: जकात, मीठ, अफू आणि अबकारी, सगळं एकत्र. म्हणजे ज्या मिठासाठी पुढे तिकडच्या दांडीला सत्याग्रह झाला, त्याच टेबलावर आमच्या दांडीच्या ताडाचा हिशोब व्हायचा. कायदा साधा होता. परवान्याशिवाय दारू गाळायची नाही. ताड छेदायचा तर झाडागणिक कर, मडक्यात किती उतरलं ते नंतर. दुकानं लिलावाने, जास्त बोली लावेल त्याला. घरच्या आणि गावच्या भट्ट्या बंद होऊन गाळण्याचं काम मोठ्या डिस्टिलऱ्यांकडे गेलं. झाडावर चढणारा भंडारी आणि मोह वेचणारा आदिवासी या धंद्यातून बाजूला पडले, आणि त्यांचंच पेय त्यांना ठेकेदाराच्या दुकानातून, चढ्या भावाने, बऱ्याचदा उधारीवर घ्यावं लागलं. १८९२ मध्ये तर मोहाचा वेगळा कायदा आला आणि ठाणे-कुलाब्यात फुलांच्या साठ्यावरच बंधन आलं. आपला पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता, तो वेगळा झाला २०१४ मध्ये. जंगलात आपोआप पडणारं फूल घरात ठेवलं म्हणून गुन्हा! फुलं लोक खायचेसुद्धा, ही गोष्ट कागदावर गौण ठरली.

आता स्कॉटलंड बघा. अठराव्या शतकात तिथेही हेच चाललं होतं. जबर कर, लहान भट्ट्यांवर बंदी, आणि डोंगरदऱ्यांत चोरून गाळणारे शेतकरी. पण १८२३ च्या कायद्याने सरकारने उलटी चाल केली. कर कमी केला आणि वर्षाला दहा पौंडात परवाना देऊ केला. १८२४ मध्ये ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने तो घेतला. आजूबाजूचे चोरटे भट्टीवाले इतके चिडले की तो कमरेला दोन पिस्तुलं लावून फिरायचा. आज त्याच दरीच्या नावाची बाटली विमानतळावर काचेच्या कपाटात असते. म्हणजे तिकडच्या चोरट्या दारूला परवान्याचा दरवाजा उघडला आणि पन्नासेक वर्षांनी आपल्याकडच्या उघड्या दारूला तो बंद केला. राज्य दोन्हीकडे एकच.

इथपर्यंत ऐकून वाटेल की मी ताडीची आरती ओवाळतोय. तसं नाही. १९२२ च्या सुरुवातीला आपल्याच पालघरच्या किनाऱ्यावर, मांगेला कोळ्यांच्या वस्त्यांत, देवीच्या रोगाची साथ असताना देवी अंगात येऊ लागली. आधी रोग शांत करायचे विधी होते, पुढे देवीचं सांगणं वाढत गेलं: दारू-ताडी सोडा, मांस-मच्छी सोडा, रोज आंघोळ करा. हे लोण गावागावांतून डहाणू, उंबरगाव, पुढे सुरतेकडच्या आदिवासी भागात गेलं. वर्षअखेरीस तिकडे हजारोंच्या सभा होत होत्या. लोकांनी ताडी सोडलीच, शिवाय दारूच्या ठेकेदारांच्या शेतावर कामाला जायलाही नकार दिला. हे ठेकेदार बहुतेक पारशी होते, आणि तेच जमीनदार, तेच सावकार. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी यावर १९८७ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. आमच्या शाळेत मात्र यातलं एक वाक्य नव्हतं.

मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण ज्यांनी सोडली त्यांना ती कडू लागत होती म्हणून नाही, तर तिच्यामागे उधारीची वही होती म्हणून. ती वही माझ्या आईला वेगळ्या रूपात माहीत आहे. आमच्या नात्यातल्या एका घरात दारूपायी होडी विकली गेली. त्यामुळे मी 'टेस्टिंग नोट्स' म्हटलं की आई एकच विचारते, "नोट्स कुणाच्या? त्याच्या बायकोच्या पण घेतल्यास का?"

पुढचं पटकन सांगतो. १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी आली, साठच्या दशकात ती सैल झाली, पण वर्गवारी कायम राहिली. दुकानाच्या पाट्या वाचा: एक 'देशी', दुसरी 'विदेशी'. आणि गंमत अशी, की आपल्या बहुतेक स्वस्त 'व्हिस्की'चा मुख्य भाग उसाच्या मळीपासून काढलेला स्पिरिट असतो. त्यात थोडी माल्ट, थोडा रंग. सरकारमान्य संत्रा देशी? तीही बहुतेक मळीचीच. म्हणजे एकाच कारखान्याच्या मळीतून एक बाटली विदेशी होते, दुसरी देशी. युरोपात मळीच्या दारूला व्हिस्की म्हणताच येत नाही, तिथे धान्यच लागतं. आणि ज्या दारूला खरोखर इथल्या झाडाची चव आहे, ती मोहाची, आपल्या पाटीवर बरीच वर्षं कुठेच बसत नव्हती. ती 'गावठी'. पोलिसांच्या बातमीत फोटो येतो तो तिचाच, फुटक्या मडक्यासकट.

बंद दरवाजामागे काय होतं तेही बघितलंय आपण. २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. ते मोहाने नाही, मिथेनॉलने. ताडीतही क्लोरल हायड्रेट घालून विकणारे पकडले जातात. झाडं कमी, चढणारे त्याहून कमी, आणि मागणी तेवढीच, मग पिंपात पावडर जाते. असली ताडी फुकट दिली तरी पिऊ नका.

गोव्याने फेणीला २००९ मध्ये जीआय मिळवला, २०१६ मध्ये राज्याचं वारसा पेय ठरवलं. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हटलं. महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोहफुलांवरची बंधनं काढायचं ठरवलं. गोव्याचा तो पोरगा पुण्यात ताठ मानेने बोलला त्याचं कारण त्याच्या जिभेत नव्हतं, त्याच्या सरकारच्या गॅझेटात होतं.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा पहाटे साडेपाचला बाबांना घेऊन ओळखीच्या एका काकांकडे गेलो. वय सत्तरीला आलेलं, अजून झाडावर चढतात. मुलगा एमआयडीसीत नोकरीला, तो चढत नाही. काकांनी मडकं उतरवलं, फडक्याने गाळून दिलं. मी पुण्यात शिकल्यासारखा आधी वास घेतला. काका बाबांना म्हणाले, "याला सर्दी झालीय का?"

फोनमध्ये लिहून ठेवलंय: ताडगोळ्याचा वास, किंचित धूर, शेवटी पेरूसारखी तुरट. दहा वाजता परत घेतली तेव्हा धूर गेला होता आणि लिंबू आलं होतं. बाबांनी दोन्ही वेळा एकच सांगितलं, की मडकं नीट धुतलेलं आहे.