बूटलोडर बिघडला? फॉरमॅट करण्याआधी हे तपासा

लॅपटॉप सुरू केला, कंपनीचा लोगो आला आणि पुढे काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढीच अक्षरं. अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो ‘फॉरमॅट मारून घ्या’. बऱ्याचदा त्याची गरज नसते. फोटो, प्रबंध, हिशेबाच्या फाइली डिस्कवर जागच्या जागी असतात. फॉरमॅट केलं की मात्र त्या खरोखर जातात.

बूटलोडर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमला मेमरीत आणून तिच्या हाती कारभार सोपवणारा छोटा प्रोग्राम. जुन्या बायोस पद्धतीत त्याचा पहिला तुकडा डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये असतो, आणि त्यातही कोडला जागा जेमतेम ४४६ बाइट. नव्या यूईएफआय पद्धतीत तो ईएसपी नावाच्या छोट्या पार्टिशनवर साध्या फाइलसारखा ठेवलेला असतो.

देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१५ पासून ‘क्लिक्स’ हा उपक्रम राजस्थान, मिझोराम, छत्तीसगड आणि तेलंगणातल्या सरकारी शाळांसाठी चालवला. तिथलं साहित्य इंटरनेट नसतानाही शाळेतल्याच सर्व्हरवरून मुलांपर्यंत पोचायचं. अशा गावातला सर्व्हर एका सकाळी उठलाच नाही, तर तंत्रज्ञाची वाट पाहण्यात आठवडा जातो. शिक्षकाला चार आज्ञा माहीत असतील तर तासाभरात काम होऊ शकतं.

(आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या.)

आधी निदान. लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करा आणि ‘एल-एस-बी-एल-के’ ही आज्ञा ‘वजा एफ’ जोडून द्या. सगळ्या डिस्क, पार्टिशन आणि फाइल सिस्टीम दिसतील. डिस्कच दिसत नसेल तर प्रश्न बूटलोडरचा नाही. केबल किंवा डिस्कच बघावी लागेल. मग ‘ईएफआय-बूट-एमजीआर’ चालवा. यात बूटच्या नोंदी आणि त्यांचा क्रम कळतो. कधी कधी विंडोजच्या अपडेटनंतर फक्त हा क्रम बदललेला असतो. तसं असेल तर ‘वजा ओ’ वापरून क्रम बदलला की झालं, काही इन्स्टॉल करायचं नाही. लोक ही पायरी गाळतात आणि नको ती दुरुस्ती करत बसतात.

खरोखर इन्स्टॉल करायची वेळ आली, तर लिनक्सचं मूळ पार्टिशन आणि ईएसपी माउंट करायचे, सोबत डेव्ह, प्रॉक आणि सिस हे फोल्डर जोडायचे, ‘सीएच-रूट’ने आत शिरायचं, आणि मग ‘ग्रब-इन्स्टॉल’ व ‘अपडेट-ग्रब’. हा क्रम उबुंटू आणि डेबियनचा. फेडोरावर यूईएफआय असेल तर ग्रब-इन्स्टॉल वापरू नका, तिथे ग्रबची पॅकेजेस पुन्हा बसवतात. बायोसच्या संगणकावर ‘एसडीए’ असं पूर्ण डिस्कचं नाव द्यायचं, ‘एसडीए १’ असं पार्टिशनचं नाही. आणि हो, कधी पेनड्राइव्हच ‘एसडीए’ होऊन बसतो! आकार बघून खात्री करा.

विंडोजमध्ये हेच काम ‘बीसीडी-बूट’ करतं. रिकव्हरीच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, म्हणून ‘डिस्कपार्ट’मध्ये ‘लिस्ट व्हॉल्यूम’ बघून घ्या. त्याच डिस्कपार्टमध्ये ‘क्लीन’ नावाची आज्ञा आहे. नावाला भुलू नका, ती निवडलेल्या डिस्कचा पार्टिशन तक्ताच पुसते. बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा.

एका प्रकारात मात्र ग्रब कितीही वेळा बसवला तरी उपयोग नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अपडेटने सिक्युअर बूटची ‘एसबॅट’ नावाची यादी बदलली. २०२० पासून उघड होत गेलेल्या ग्रबच्या त्रुटी रोखण्यासाठी ही यादी जुन्या, असुरक्षित आवृत्त्या नाकारते. त्या दिवसांत विंडोजसोबत लिनक्स ठेवणाऱ्या अनेकांचं लिनक्स ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ दाखवून बंद पडलं. उपाय असा: सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून लिनक्समध्ये जायचं, ‘मोक-युटिल’ने एसबॅटचं धोरण काढून टाकायचं, सिस्टीम अपडेट करायची, आणि सिक्युअर बूट परत चालू करायचं.

टर्मिनलची भीती वाटत असेल, तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतून मोफत ऐकता येतात.