ओएमआर उत्तरपत्रिका : कागदावरील खुणा संगणक कसा वाचतो?

स्पर्धा परीक्षेस बसणाऱ्या उमेदवाराच्या हाती प्रश्नपुस्तिकेसोबत फिकट रंगात छापलेल्या वर्तुळांची एक उत्तरपत्रिका दिली जाते. योग्य पर्यायाचे वर्तुळ काळ्या अथवा निळ्या शाईने भरावयाचे, एवढेच त्याचे काम असते. पुढील वाचन यंत्र करते. 'ऑप्टिकल मार्क रिकग्निशन', म्हणजेच ओएमआर, या नावाने ही पद्धती ओळखली जाते. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशासाठीच्या 'नीट' परीक्षेस बसलेल्या सुमारे २३ लाख विद्यार्थ्यांनी आपली उत्तरे याच पद्धतीने नोंदवली होती.

याच कागदाच्या जतनाचा प्रश्न पश्चिम बंगालमध्ये २५ हजारांहून अधिक नियुक्त्यांच्या मुळाशी आला. कोलकात्यातील उच्च न्यायालयात सुनावणी झालेल्या या प्रकरणामुळे उत्तरपत्रिका, तिची संगणकीय प्रतिमा आणि तिच्यावरून काढलेले गुण या तीन गोष्टींतील फरक सर्वसामान्यांसमोर आला. त्या निमित्ताने या तंत्राची ही माहिती.

कोलकाता आणि यंत्राने वाचलेला कागद

कागदावरील माहिती यंत्राकडून वाचून घेण्याच्या कामाशी कोलकात्याचे नाते जुने आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेत मोठ्या पाहण्यांची आकडेवारी छिद्रे पाडलेल्या पत्र्यांवर, म्हणजे पंचकार्डांवर, उतरवून यंत्रांच्या साहाय्याने मोजली जात असे. पत्र्यावरील छिद्राचे स्थान हाच त्या अंकाचा संकेत असे. १९५५ साली ब्रिटनमधून 'एचईसी-२एम' हा संगणक या संस्थेत आला. भारतातील पहिला डिजिटल संगणक म्हणून त्याची नोंद केली जाते.

पुढे याच संस्थेत छापील अक्षरे संगणकाला ओळखता यावीत यासाठी संशोधन झाले. बिदयुत बरन चौधुरी व उमापद पाल यांनी १९९० च्या दशकात बंगाली आणि देवनागरी या दोन्ही लिप्यांच्या छापील मजकुरासाठी अक्षर-ओळख प्रणाली विकसित केली. या लिप्यांतील शिरोरेषेमुळे शब्दातील अक्षरे एकमेकांस जोडली जातात. ती रेषा आधी शोधून बाजूला केली, की अक्षरे सुटी करता येतात. अक्षर-ओळख आणि खूण-ओळख यांतील फरक येथेच स्पष्ट होतो. अक्षराचा आकार यंत्राला ओळखावा लागतो. ओएमआरमध्ये मात्र ठरलेल्या जागी खूण आहे की नाही, एवढेच पाहावे लागते. म्हणूनच ओएमआर अधिक सोपी, स्वस्त आणि वेगवान ठरली.

पद्धतीचा उगम

यंत्राने उत्तरपत्रिका तपासण्याची कल्पना अमेरिकेतील. रेनॉल्ड जॉन्सन या शाळाशिक्षकाच्या कल्पनेवर आधारलेले 'आयबीएम ८०५' हे यंत्र १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आले. ते प्रकाशावर चालत नसे. पेन्सिलीतील ग्रॅफाइट विजेचे वहन करते, या गुणधर्माचा त्यात उपयोग केला होता. पुढे १९५० च्या दशकात आयोवा विद्यापीठातील एव्हरेट लिंडक्विस्ट यांनी प्रकाशाच्या साहाय्याने खुणा वाचणारे वेगवान यंत्र तयार केले आणि ओएमआरचा खरा प्रसार सुरू झाला.

वाचन कसे होते?

ओएमआर उत्तरपत्रिकेच्या कडेला ठरावीक अंतरावर लहान काळ्या पट्ट्या छापलेल्या असतात. कागद यंत्रातून सरकत असताना आपण कोणत्या ओळीवर आहोत, हे या पट्ट्यांवरून यंत्राला कळते. कोपऱ्यांतील खुणांवरून कागद तिरका गेला आहे काय, हे ठरते. उत्तरपत्रिका दुमडली किंवा कडेच्या पट्ट्यांवर लिहिले, तर यंत्राचा हिशेब चुकू शकतो. कडेला काहीही लिहू नये, ही सूचना त्यासाठीच असते.

त्यानंतर प्रत्येक वर्तुळावर प्रकाश टाकून किती प्रकाश परत येतो, हे मोजले जाते. कोरा कागद बराचसा प्रकाश परावर्तित करतो, तर भरलेले वर्तुळ तो शोषून घेते. ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा वर्तुळ अधिक गडद असेल तर ते 'भरलेले' मानले जाते. वर्तुळे फिकट गुलाबी, लाल वा हिरव्या रंगात छापण्याचेही कारण आहे. यंत्रातील प्रकाशाचा रंग असा निवडतात, की छापील वर्तुळ त्याला जवळजवळ दिसत नाही आणि उमेदवाराची खूण तेवढी दिसते.

पूर्वीची अनेक यंत्रे अवरक्त प्रकाश वापरीत. तो प्रकाश पेन्सिलीतील कार्बन शोषून घेतो. परंतु बॉलपेनच्या अनेक शायांमधून तो आरपार जातो. त्यामुळे तेव्हा पेन्सिलीचा आग्रह धरला जाई. दृश्य प्रकाशावर चालणारी यंत्रे आल्यानंतर बॉलपेन वापरणे शक्य झाले, आणि खोडून बदल करण्याची वाटही बंद झाली. एका प्रश्नासाठी दोन वर्तुळे भरल्यास यंत्र ते उत्तर सर्वसाधारणपणे अग्राह्य ठरवते.

कागद, प्रतिमा आणि गुण

आताची बहुतेक यंत्रे संपूर्ण उत्तरपत्रिकेचे छायाचित्र घेऊन त्यावरून खुणा वाचतात. त्यामुळे एकाच परीक्षेचे तीन स्वतंत्र अभिलेख तयार होतात : पहिला मूळ कागद, दुसरा त्याची प्रतिमा आणि तिसरा त्या प्रतिमेवरून काढलेल्या उत्तरांचा व गुणांचा तक्ता. यंत्राचे वाचन अचूक असले, तरी तिसरा अभिलेख ही संगणकातील एक साधी फाइल असते. तिच्यातील आकडा कोणी बदलल्यास तो पकडण्यासाठी प्रतिमेशी, आणि प्रतिमेविषयी शंका आल्यास मूळ कागदाशी, पडताळणी करावी लागते.

पश्चिम बंगालमधील प्रकरण

पश्चिम बंगाल शालेय सेवा आयोगाच्या २०१६ च्या निवड प्रक्रियेतून शिक्षक तसेच गट 'क' व गट 'ड' कर्मचाऱ्यांच्या नियुक्त्या झाल्या. २३ लाखांहून अधिक उमेदवारांनी ही परीक्षा दिली होती. गैरव्यवहाराच्या तक्रारींनंतर तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. या तपासात गाझियाबाद येथून हार्ड डिस्क हस्तगत झाल्या. त्यांतील उत्तरपत्रिकांची माहिती आणि आयोगाच्या सर्व्हरवरील गुण यांत अनेक उमेदवारांच्या बाबतीत तफावत आढळली. कोरी उत्तरपत्रिका देऊनही नियुक्ती मिळाल्याची प्रकरणे पुढे आली.

मूळ उत्तरपत्रिका मात्र तोपर्यंत नष्ट करण्यात आल्या होत्या, आणि त्यांच्या प्रतिमाही आयोगाकडे जतन केलेल्या नव्हत्या. त्यामुळे प्रत्येक उमेदवाराची निःशंक पडताळणी करणे अशक्य झाले. कलकत्ता उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२४ रोजी २५,७५३ नियुक्त्या रद्द ठरवल्या. सर्वोच्च न्यायालयाने ३ एप्रिल २०२५ रोजी निवड प्रक्रिया दुरुस्तीपलीकडे दूषित झाल्याचे नमूद करून नियुक्त्या रद्द करण्याचा निर्णय कायम ठेवला. ज्यांच्याविरुद्ध गैरप्रकार निष्पन्न झाला, त्यांना वेतन परत करण्यास सांगण्यात आले. ज्यांच्याविरुद्ध तसे काही आढळले नव्हते, त्यांच्याकडून वेतनाची वसुली होणार नव्हती; परंतु नोकरी त्यांनीही गमावली. १७ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने अशा शिक्षकांना विद्यार्थ्यांच्या हितासाठी त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत अध्यापन करू देण्यास अनुमती दिली. शिक्षकपदांसाठी नवी परीक्षा ७ व १४ सप्टेंबर २०२५ रोजी झाली.

प्रामाणिकपणे उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराच्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर आहे. आपण कोणती वर्तुळे भरली होती, हे दाखवू शकणारा एकमेव पुरावा त्याच्या हाती नव्हता, आणि ज्यांच्या ताब्यात तो होता त्यांनी तो राखला नव्हता.

क्यूआर संकेत आणि ओएमआर

कागदावर छापलेल्या इतर संकेतांशी तुलना केल्यास ओएमआरची मर्यादा लक्षात येते. जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा व सहकाऱ्यांनी १९९४ साली तयार केलेल्या क्यूआर संकेतात काळ्या-पांढऱ्या चौकटींची जाळी असते. सर्वांत लहान जाळी २१ गुणिले २१ चौकटींची, तर सर्वांत मोठी १७७ गुणिले १७७ चौकटींची असते आणि तीत ७,०८९ पर्यंत अंक मावतात. माहितीसोबत तिची गणिती जोडमाहितीही छापली जाते. १९६० साली रीड आणि सॉलोमन या गणितज्ञांनी मांडलेल्या पद्धतीवर ती आधारलेली आहे. तिच्यामुळे संकेताचा काही भाग, कमाल पातळीवर सुमारे ३० टक्के, खराब झाला तरी मजकूर परत मिळवता येतो. त्यात अंकीय स्वाक्षरी समाविष्ट केल्यास मजकुरातील बदलही उघड होतो. आधारपत्रावरील सुरक्षित क्यूआर संकेत याच तत्त्वावर चालतो.

ओएमआर उत्तरपत्रिकेत अशी जोडमाहिती नसते. कोरे राहिलेले वर्तुळ नंतर कोणी भरले, तर ते केव्हा व कोणी भरले हे यंत्र सांगू शकत नाही. त्यामुळे तिचे संरक्षण कागदाबाहेरील व्यवस्थेवरच अवलंबून राहते.

कोणती दक्षता घेता येते?

उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत उमेदवाराकडे देणे, ही त्यांतील सर्वांत साधी आणि परिणामकारक व्यवस्था होय. उत्तरतालिका प्रसिद्ध झाल्यावर उमेदवार स्वतः गुण पडताळू शकतो. उत्तरपत्रिकांच्या प्रतिमा संकेतस्थळावर उपलब्ध करून देणे, ही दुसरी व्यवस्था. 'नीट' परीक्षेत ती अवलंबली गेली आहे. तिसरी व्यवस्था म्हणजे स्कॅनिंग होताच प्रत्येक फाइलचे 'हॅश' मूल्य नोंदवून ठेवणे. हे मूल्य म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा. फाइलमध्ये एक बिंदू बदलला तरी ते बदलते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य नमूद करण्याची तरतूद आहे.

या सर्वांच्या मुळाशी मूळ कागदाचे जतन आहे. निवड प्रक्रियेबाबतचे न्यायालयीन वाद अनेक वर्षे चालतात. उत्तरपत्रिका नष्ट करण्याची मुदत ठरवताना गोदामातील जागेइतकाच त्या कालावधीचाही विचार होणे आवश्यक आहे. यंत्राचे वाचन पुन्हा करता येते. मात्र त्यासाठी वाचावयाचा कागद शिल्लक असावा लागतो.